पाच पिवळ्यात, सहावा कागदाबाहेर: साईट किती फिरवायची?

अंबाजोगाईच्या तिरंदाज दादांचा प्रश्न असा: कम्पाउंड (चाकांचं धनुष्य), ५० मीटर, उजव्या हाताचा नेम. एका एंडचे (सहा बाणांच्या फेरीचे) पाच बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात, सहावा खाली डावीकडे कागदाच्याही बाहेर. साईट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) किती क्लिक फिरवू? अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघून त्यांनी स्वतःच निदानही केलंय.

एकही नाही. साईट ग्रुप बघून हलवतात. पाच बाण पिवळ्यात आहेत, म्हणजे साईट बरोबरच आहे. एका चुकार बाणापायी ती फिरवली की पुढचे पाचही बिघडतात, आणि मूळ दोष तसाच राहतो.

आधी चूक केवढी आहे ते बघा. आपला ८० सेंटीमीटरचा सहा रिंगांचा कागद मध्यापासून २४ सेंटीमीटरवर संपतो. पीप (दोरीतलं, डोळ्यासमोर येणारं भोक) दोरीवर १ मिलिमीटर सरकला, तर ५० मीटरवर जेमतेम ६ सेंटीमीटरचा फरक पडतो. धनुष्य एक अंश कललं तर साधारण ३. म्हणजे नुसत्या बबलने (साईटमधला, धनुष्य सरळ आहे का ते दाखवणारा बुडबुडा चुकल्याने) २४ सेंटीमीटर जायला ते सात-आठ अंश कलायला हवं. तेवढं तर शेजारच्यालाही दिसेल. एवढी मोठी चूक बहुतेक बाणाची असते, नाहीतर रिलीजची, म्हणजे दोरी सोडण्याची.

म्हणून बाण उपसण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहा: बाणाचा नंबर, आणि सुटताक्षणी तुम्हाला काय वाटलं ते. बाणांवर नंबर नसतील तर आजच मार्करने टाका. तोच नंबर पुन्हा पुन्हा त्याच बाजूला जात असेल तर दोष तुमचा नाही. नॉक (बाणाच्या मागची, दोरीत अडकणारी खाच) अंगठ्याच्या नखाने हळूच फाकवून उजेडात धरा; मुळाशी केसाएवढी चीर असली तरी बदला. वेनची (बाणाच्या पिसाची) कड सुटलीय का ते बोट फिरवून बघा. शाफ्ट (बाणाची काडी) दोन्ही हातांनी किंचित वाकवून, थोडा फिरवून पुन्हा वाकवा. करकर आवाज आला की बाण मोडून फेका. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि हातात घुसतो, तिथे काटकसर नको. सगळं ठीक दिसलं, तरी वेनवर टाल्कम पावडर मारून एक बाण सोडा. पावडर पुसली गेली असेल तर वेन रेस्टला (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराला) घासतेय.

बाण निर्दोष निघाला तर मग रिलीज. उजव्या हातवाल्याचा बाण खाली डावीकडे गेला की पहिला संशय दोरी सोडायच्या साधनाचा ट्रिगर झटक्यात दाबल्याचा, दुसरा बाण कुठे लागला ते बघायला धनुष्याचा हात आधीच खाली आल्याचा. बहुतेक वेळा दोन्ही जोडीनेच येतात. नेम धरून सात-आठ सेकंद झाली आणि साईटची पिन थरथरायला लागली, तर सोडू नका, लेट डाउन करा, म्हणजे बाण न सोडता दोरी हळूच परत न्या. सहा बाणांना जेवढा वेळ मिळतो, त्यात एक लेट डाउन सहज बसतो. सवय मोडायला तीन-चार मीटरवरून, कागद न लावता, डोळे मिटून नुसत्या बटवर (कागदामागच्या, बाण अडवणाऱ्या गठ्ठ्यावर) सोडा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

तुम्ही अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीचे व्हिडिओ बघून निदान करताय, ते इथे लागू पडत नाही. तिथे दोरीच्या आवाजाने हरिण खाली दबतं आणि चांगला सुटलेला बाणही वरून जातो. आपलं टार्गेट दबत नाही, त्यामुळे ती सबब नाही. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यामुळे काळवीट-चिंकाऱ्याची शिकार गुन्हा आहे, तो विषयच नको.)

उन्हाळ्यात बाणांची पेटी बंद गाडीत ठेवू नका. टोकाचा हॉट-मेल्ट (गरम करून लावायचा गोंद) सैल होतो, आणि बाण उपसला की टोक बटमध्येच राहतं.

शेतात सराव करत असाल तर बट उंच बांधाला टेकवूनच लावा. मागे उभी तूर असेल तर तिथे सोडूच नका. तुरीत वाकून काम करणारं माणूस दिसत नाही. चुकलेला बाण त्याच दिवशी हुडका. मऊ काळ्या मातीत तो आडवा शिरतो आणि वर काहीच दिसत नाही, म्हणून बटमागे पायाने नको, दाताळ्याने हलकेच ओढा. फुटलेल्या कार्बनच्या कुसळ्या कडब्यात मिसळल्या तर बैलाच्या तोंडात जातील.