टू-बीएचकेसाठी रोबोट व्हॅक्यूम: 4,000 पास्कलचा लेझरवाला घेऊ की 10,000 पास्कलचा साधा?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. एकाच किमतीत 4,000 पास्कलचा लेझरवाला आणि 10,000 पास्कलचा बिनलेझरचा मिळतोय, कुठला घ्यावा. मशीनचा केराचा डबा आपोआप रिकामा करणारा डॉक (मशीन चार्जिंगला उभं राहतं तो ठिय्या) लागतोच का. आणि मशीन आलं की केर-फरशीच्या मावशींना बंद करता येईल का. पहिल्याचं उत्तर: लेझरवाला. डोळे मिटून.

आता सविस्तर. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आहे. आणि माझे धाकटे दीर भर पंगतीत मला म्हणाले होते, "वहिनी, आकडे बघून घ्यायचं असतं हो, तुमच्या मशीनचे पास्कल किती कमी आहेत बघा!" तेव्हा पास्कल हा विषय मी सोडणार नाही.

पास्कल हे दाबाचं एकक, इथे मशीनची हवा ओढण्याची ताकद सांगणारं. एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल. समुद्रसपाटीला हवेचा दाब 1,01,325 पास्कल असतो; आपलं पुणे साधारण 560 मीटर उंचावर, म्हणजे इथे त्याहून थोडा कमीच. त्यात 10,000 म्हणजे वातावरणाच्या जेमतेम एक दशांश. शिवाय हा आकडा सहसा हवा ओढायची वाट बंद ठेवून मोजलेला असतो. उसाच्या रसाची नळी खालून बोटाने बंद करा आणि ओढा. ओढ जोरात लागते, तोंडात रस येत नाही. धूळ उचलते ती वाहणारी हवा. ती किती वाहते हे ब्रश आणि फरशीतल्या फटीवर, हवेच्या मार्गावर आणि फिल्टर किती तुंबलाय यावर ठरतं. गुळगुळीत टाइल्सवर अडीच हजार पास्कलमध्येही केर निघतो. जाड गालिचा असेल तर जास्त आकड्याला अर्थ आहे. पुण्यात किती घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो?

तर झालं असं, की दिरांच्या बाणेरच्या फ्लॅटला रंग लावायचा निघाला आणि मंडळी आमच्याकडे एरंडवण्यात राहायला आली. बरोबर त्यांचं मशीन. 6,000 पास्कल, जायरोस्कोपवर चालणारं. आमचं 2,700 चं, पण डोक्यावर लेझरचा बुरूज असलेलं. आमची इमारत जुनी, मोझॅकची फरशी, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये काळ्या कडप्प्याची पट्टी. रविवारी सकाळी भावजींनी शर्यत लावलीच. जाऊबाईंनी रवा, मोहरी आणि थोडे पोहे हॉलभर भुरभुरले (नंतर हे सगळं कोण आवरणार, हा प्रश्न फक्त आम्हा दोघींना पडला होता).

आमच्याने आधी भिंतीच्या कडेकडेने चक्कर मारली, मग नांगरल्यासारख्या सरळ रेघा. लेझर भिंतींपर्यंतचं अंतर मोजत नकाशा काढतो, त्यामुळे कुठे जाऊन आलो हे त्याला ठाऊक असतं. दिवा बंद असला तरी अडत नाही. भावजींचंही सुरुवातीला रेघांनीच चाललं होतं. पण जायरोस्कोपवालं वळण आणि चाकांचे फेरे मोजून अंदाज बांधतं. चाक जरा घसरलं की चूक साठत जाते. ते पायपुसण्यावर चढलं, जोर जास्त असल्यामुळे झालरीचे धागे ब्रशला गुंडाळले आणि तिथेच ओरडत बसलं. भावजींनी उचलून, धागे कापून दुसरीकडे ठेवलं. झालं, नकाशा विसरला. साफ झालेला भाग पुन्हा आणि दिवाणाकडची बाजू तशीच.

आमच्याचंही सगळं कौतुक करणार नाही. त्याच्या बाजूच्या फिरत्या ब्रशने मोहरी फ्रिजखाली उडवली. बुरुजामुळे त्याची उंची जवळपास दहा सेंटिमीटर होते, म्हणून ते दिवाणाखाली जातच नाही. भावजींचं चपटं, ते जातं. आणि कडप्प्याच्या पट्टीपाशी दोन्ही मशीनं थबकली. पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात, जिन्यावरून पडू नये म्हणून. काळा दगड तो प्रकाश पुरेसा परत पाठवत नाही, मशीनला वाटतं पुढे खड्डा आहे. काही लोक सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवतात. घरात कुठे पायरी नसेल तरच करा. आम्ही स्वयंपाकघरात हाताने उचलून ठेवतो.

निकाल काय लागला, तर भावजी म्हणाले, "एकंदरीत बरोबरी." घरातले थोरले बंधू त्या वेळी पेपर वाचत होते, त्यांनी मत दिलं नाही. मत दिलं ते आमच्या मावशींनी. त्या आल्या, सगळीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "दोघांनी कोपरे सोडलेत की. आणि खुर्च्या मी वर चढवायच्या, काम यानं केलं म्हणायचं?"

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. मशीन गोल, कोपरा काटकोनी. ते चालवण्याआधी कुणीतरी वायरी, चपला, सतरंजी उचलायची असते, आणि नंतर डबा रिकामा करून ब्रशमधले केस कात्रीने काढायचे असतात. "आमच्याकडे घर आपोआप साफ होतं" असं सांगणाऱ्या घरात ते कोण करतं, हे जरा विचारून बघा. भावजींकडे जाऊबाई करतात. भावजी अ‍ॅपमधलं बटण दाबतात. त्याला ते घरकामात मदत म्हणतात, मी म्हणत नाही. आमच्याकडे मशीन रोज केर काढतं, मावशी एक दिवसाआड येऊन फरशी, कोपरे, बाल्कनी करतात, आणि त्यांचा पगार आम्ही कमी केलेला नाही. पटत नसेल तर तुमचं तुम्ही बघा, पण मशीनचे हप्ते मावशींच्या पगारातून फेडायचा बेत असेल तर तो मला मुळीच आवडलेला नाही.

डॉकबद्दल. घरात कुत्रा-मांजर असेल किंवा कुणाला धुळीने शिंका येत असतील तर घ्या, नाहीतर पैसे वाचवा. डबा रिकामा करायला मिनिटसुद्धा लागत नाही. डॉकमध्ये कागदी पिशवी असते, ती विकत आणत राहावी लागते, आणि रिकामं करताना असा आवाज होतो की दुपारी झोपलेला माणूस दचकून उठतो. एक ते चार या वेळात तर चालवूच नका.

पुसण्याचं म्हणाल तर नुसतं ओलं फडकं मागे ओढणारी मशीनं म्हणजे फरशीला दाखवलेलं पाणी. दोन गोल फिरती फडकी दाबून पुसणारी बरी, तरी तेलकट स्वयंपाकघराला माणूसच लागतो. टाकीत फिनेल घालू नका. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणीही नको, क्षार बसून नळ्या तुंबतात.

फिल्टर मात्र नीट ऐका. पुण्यात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं, ती बारीक धूळ फिल्टरवर थापली जाते आणि तुमच्या दहा हजार पास्कलचं काही उरत नाही. फिल्टर आठवड्याला झटका. धुण्याजोगा आहे असं लिहिलं असेल तरच धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. जुलैत इथे टॉवेल वाळत नाही, फिल्टर काय वाळणार! दुसरा जोड आणून ठेवा.

आणखी एक. कंपनीचं नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 2002 मध्ये रुंबा हा रोबोट व्हॅक्यूम आणणाऱ्या आयरोबॉटला अ‍ॅमेझॉन विकत घेणार होती, 2024 च्या जानेवारीत तो सौदा मोडला आणि पुढे कंपनीची दिवाळखोरीपर्यंत वेळ आली. म्हणून घेण्याआधी बघा: इंटरनेट नसताना मशीनवरच्या बटणाने ते चालतं का, ब्रश आणि फिल्टर सुटे मिळतात का, बिघडलं तर दुरुस्तीला कुठे पाठवावं लागतं. घरचं वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर हवं. बरीचशी मशीनं फक्त तेवढंच ओळखतात.

हे सगळं बिनपाळीव प्राण्यांच्या, सपाट फरशीच्या घराचं सांगितलं. तुमच्याकडे लॅब्रेडॉर किंवा गालिचे असतील तर माझं पास्कलबद्दलचं बोलणं निम्म्याने कमी करा. पलंग, दिवाण सगळे बुटके असतील तर बुरूजवालं मशीन त्यांच्याखाली जाणार नाही, तेव्हा आधी पट्टी घेऊन खालची उंची मोजा. आणि उंबरे मोजा. बहुतेक मशीनं दोन सेंटिमीटरच्या आसपास चढतात, त्यापुढे नाही. पेठेतल्या जुन्या घरात राहत असाल तर खोलीगणिक उचलून ठेवावं लागेल.

मॉडेलचं नाव सुचवा म्हणून खाली विचारणार असाल तर ही मापं सोबत लिहा. मापं नसतील तर मी उत्तर देणार नाही.