झोपेत पोराचे ठोके 46 दाखवतंय मशीन

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या आया आजकाल माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात, पळता पळता पोराच्या हृदयाला काही झालं तर? 2021 ला कन्नड सिनेमाचा हिरो पुनीत राजकुमार गेला, 46 वर्षांचा, एवढा फिट माणूस, तेव्हापासून तर जास्तच, त्यात मोबाईलवर जिममध्ये कोसळणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतच असतात.

चोपड्याकडच्या एक ताई मागच्या पावसाळ्यात आल्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय). पोरगा 21 चा, पहाटे पाचला ग्राउंडवर, 1600 मीटरचा टाइम कमी करायच्या मागे लागलेला. यांनी काय केलं, तर त्याचे बूट दादरीच्या, म्हणजे ज्वारीच्या कोठीत लपवले. पोरगा घरभर शोधतोय आणि या गप्प. दोन दिवस भांडण झालं, तिसऱ्या दिवशी तोच त्यांना घेऊन माझ्याकडे आला.

एकट्या बसल्या तेव्हा खरं बोलल्या. कोरोनातलं बोटाला लावायचं मशीन घरात पडून होतं, ते त्यांनी झोपलेल्या पोराच्या बोटाला लावून बघितलं. वरचा ऑक्सिजनचा आकडा 97, ठीक. खाली ठोके 46! मग रोज रात्री तेच, 47, 45, 46, आणि या उशाशी बसून. "माले भ्याव लागस वो मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

आता या 46 ला घाबरायचं कारण नव्हतं. आपले बसल्या जागी ठोके साधारण 60 ते 100 असतात, पण महिनोन्महिने पळणाऱ्याच्या हृदयाचा कप्पा थोडा मोठा होतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, म्हणून आरामात असताना कमी ठोक्यांत भागतं, त्यात झोपेत ते अजून खाली येतात. सोबत चक्कर, बेशुद्धी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. हे मी समजावलं आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला, मलाही वाटलं झालं काम.

पण मी सवयीने घरातल्यांचं विचारते. पोराचे वडील? 38 व्या वर्षी गेले, मे महिन्यात, केळीच्या बागेत पाणी भरताना उभे होते तसे पडले. ऊन लागलं म्हणाले सगळे. आपल्याकडे मे मध्ये पारा 45 ला जातो, त्यामुळे कुणी पुढे विचारलंच नाही, पोस्टमॉर्टेमही नाही. ताईंच्या पोटातली भीती खरी तिथली होती, मशीनवरचा आकडा फक्त निमित्त.

मी त्यांना उगाच "काही होत नाही" म्हणाले नाही. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं असेल तर जोरात पळणाऱ्या पोराची तपासणी व्हायलाच पाहिजे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आजार असतो, बहुतेक घराण्यातून येतो, आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक लेकराला यायची शक्यता निम्मी. पळण्याने तो होत नाही, तो आधीच आत असतो, जोरात पळताना घात करतो. अमेरिकेत 2000 ते 2010 मधल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनच्या जवळपास 1 कोटी 9 लाख धावपटूंचा हिशोब काढला होता, त्यात 59 जणांचं हृदय बंद पडलं. म्हणजे धोका फार कमी, पण ज्याच्या घरी असं झालंय त्याने त्या आकड्यावर सोडून द्यायचं नाही.

पोराला आत बोलावलं आणि विचारलं, कधी चक्कर? आईकडे बघून गप्प. मग म्हणाला एकदा आली होती, 1600 मारून एकदम उभा राहिलो तेव्हा. पळून थांबल्यावर रक्त पायात साचून असं होऊ शकतं, *पळता पळताच* डोळ्यापुढे अंधार येणं जास्त धोक्याचं, तरी दोन्हीपैकी काहीही झालं तर डॉक्टरांना सांगायचंच. उपाशीपोटी कसलंसं एनर्जी ड्रिंक घेऊन पळायचा, अंगात ताप असताना पण पळाला होता एकदा, ते दोन्ही त्याच दिवशी बंद करायला लावलं. तापात पळू नका रे पोरांनो, व्हायरलमध्ये कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि ते कळतही नाही!

जळगावला कार्डिओग्राम, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पट्ट्यावर पळायची टेस्ट, सगळं झालं, रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली. बूट कोठीतून निघाले तेव्हा आत दादरीचे दाणे भरलेले, त्याने फोटो पाठवला मला.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्यात. स्नायू जाड होण्याचा तो आजार पुढे वयाप्रमाणे पण दिसू शकतो, म्हणून काही वर्षांनी इको परत करायचा. आणि धाकटी बहीण, 16 ची, शाळेत कबड्डी खेळते, तिचा विचारच कुणी केला नव्हता. वडील तर तिचेही तेच ना. तिचा इको येत्या गुरुवारी आहे.