आजीच्या हातातले टाळ

प्रिय छकुली,

नगरहून परतताना विमानात तू विचारलंस, "पप्पा, आजी चर्चमध्ये टाळ का वाजवते? टाळ तर वारकऱ्यांचे ना?" मी पेंगत होतो, "नंतर सांगतो" म्हणून सुटलो. ते 'नंतर' आज उजाडलं.

गंमत म्हणजे गोष्ट आपल्या बॉस्टनपासूनच सुरू होते. इथल्याच एका मिशन संस्थेने पाठवलेले अमेरिकन पाद्री १८१३ साली मुंबईला पोचले. १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं आणि १८३३ मध्ये तिथली पहिली मंडळी स्थापन झाली. मंडळी म्हणजे माणसं बरं का, इमारत नव्हे. आजी "मंडळीत जाऊन येते" म्हणते ते त्यातूनच आलं. सिंथिया फरार नावाच्या बाई त्याच मिशनच्या. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले भारावले होते.

पण गाण्याचं घोडं अडलं होतं. पाद्र्यांनी आपली गीतं मराठीत आणली, चाली मात्र तिकडच्याच ठेवल्या. शब्द मराठी, सूर परका. नांगर धरणाऱ्या माणसाच्या तोंडात ते बसेनात. मग कृष्णराव सांगळे यांनी नगरात ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. पुढे नारायण वामन टिळक आले. मूळचे कोकणातले ब्राह्मण, १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन राहिले. तुकोबांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ते नेवासं नगर जिल्ह्यातच आहे, तेव्हा ओवी आमच्या मातीतलीच. आजीला तोंडपाठ असलेली बरीच गाणी टिळकांची आहेत. अभंग म्हटला की टाळ आलाच. तो कोणाकडून उसना आणलेला नाही.

आमच्या मंडळीत बहुतेक घरं महार-मांगांची, थोडी ब्राह्मणांची. त्या काळी सगळ्यांनी एका प्याल्यातून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचं म्हणजे काय, हे तुला इथे बसून कळणं कठीण. जात तेवढ्याने पुसली गेली असं मात्र समजू नकोस. लग्नं जमवताना ती हळूच डोकं वर काढायची. अजूनही काढते.

मला स्वतःला सगळ्यांत आवडायचा तो सुगीचा सण. वेदीपुढे ज्वारीची कणसं, गुळाच्या ढेपा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना आटोपली की लिलाव. एक काका ओरडायचे, "भोपळा चाळीस रुपये! चाळीस एक वार, चाळीस दोन वार..." घेणारा पैसे देऊन भोपळा परत वेदीपाशी ठेवायचा आणि तोच भोपळा पुन्हा लिलावात. एका वर्षी एकच भोपळा पाच वेळा विकला गेला. शेवटी तो आजीने घेतला आणि आठवडाभर आम्ही भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे, परत भोपळ्याची भाजी. त्याच वर्षी मला पहिल्यांदा टाळ मिळाले होते. कडव्याच्या मधोमध चुकलो तर आजीने मान न वळवता माझ्या गुडघ्यावर ठेका धरला. सगळं गाणं तसंच, बोटांनी.

नगरला रविवारी सकाळी नऊला उपासना असते, तेव्हा आपल्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेदहा. या शनिवारी जागी राहा. आजी फोन खिडकीत टेकवून ठेवणार आहे. टाळ सुरू झाले की आवाज बारीक कर, मम्मीची सकाळची ड्यूटी आहे.

सलाम,
तुझे पप्पा