फिडेचे (जागतिक बुद्धिबळ महासंघाचे) पहिले अध्यक्ष वकील होते असं ऐकलं. कोण ते, आणि त्यांनी नेमकं काय केलं?

हो, अलेक्झांडर रूब. हेगचे डच वकील (जन्म 1882, मृत्यू 1959). 20 जुलै 1924 ला पॅरिसमध्ये फिडे स्थापन झाली तेव्हापासून 1949 पर्यंत अध्यक्ष तेच. 1927 ला लंडनला पहिलं अधिकृत ऑलिंपियाड (देशोदेशीच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा) झालं, 16 संघ आले. महिलांची पहिली जागतिक स्पर्धाही तिथेच भरली. वेरा मेन्चिक जिंकली.

पण पुरुषांच्या जगज्जेतेपदावर फिडेचा काडीचाही ताबा नव्हता. ती विजेत्याची खासगी मालमत्ताच. तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याच्या 1922 च्या लंडन नियमांनुसार आव्हानवीराने आधी 10,000 डॉलर उभे करायचे, म्हणजे पैसा नसला की खेळ कितीही चांगला असो, सामना नाही. सोव्हिएत संघही फिडेबाहेर होता.

मार्च 1946 मध्ये आलेखिन जगज्जेता असतानाच वारला आणि गादी रिकामी पडली. 1947 ला सोव्हिएत संघ सदस्य झाला. मग 1948 मध्ये जगज्जेतेपदासाठी फिडेची पाच जणांची स्पर्धा: प्रत्येकाचे प्रत्येकाशी 5 डाव, म्हणजे प्रत्येकी 20. पहिल्या दोन फेऱ्या हेगला, उरलेल्या तीन मॉस्कोला. सहावे निमंत्रित फाइन यांनी नकार दिल्यामुळे दर दिवशी एक जण रिकामा बसे. बोट्विनिक 14 गुणांनी जिंकला. माझ्या मते रूब यांच्या कारकिर्दीतलं हेच सगळ्यात मोठं काम.

ते स्वतः खेळत, पण खरा ओढा एंडगेम स्टडीजकडे (डावाच्या अखेरच्या टप्प्यावर रचलेली कोडी). त्यावर त्यांनी डचमध्ये अनेक खंड लिहिले. त्यांच्यानंतर आलेले फोल्के रोगार्ड हे स्वीडिश गृहस्थही वकीलच, 1970 पर्यंत अध्यक्ष.