ग्रीन केमिस्ट्री म्हणजे झाडपाल्याचे रंग नव्हेत

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि ती विचारतेय, ‘ग्रीन केमिस्ट्री म्हणजे झाडपाल्यापासून रंग करायचे का? मोल, अ‍ॅटम इकॉनॉमी, ई-फॅक्टर हे नुसतं पाठ करायचं का?’ पोरीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाइंगच्या, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या लॅबमध्ये मी २८ वर्षं काढली, म्हणून इथलीच उदाहरणं घेतो.

आधी मोल. शहराच्या पूर्व भागातला मागवाला सुताची लांबी टेपनं मोजत बसत नाही. वीस काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लडी. वजन केलं की लांबी कळली. मोलचंही तेच. रेणू मोजता येत नाहीत, म्हणून वजन करायचं. १८ ग्रॅम पाणी आणि ३४२ ग्रॅम साखर, दोन्हींत रेणू सारखेच, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. एवढे रेणू म्हणजे एक मोल. हे डोक्यात बसलं की पुढं सगळा हिशेबच आहे.

अ‍ॅटम इकॉनॉमी हा त्यातलाच हिशेब, रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेला. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत काय होतं बघा. १८० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे एक मोल, यीस्टनं आंबवलं की ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. घातलेल्या वजनातला ५१ टक्केच भाग मालात गेला. हीच अ‍ॅटम इकॉनॉमी. मुलं इथं उतारा, म्हणजे समीकरणाप्रमाणे मिळायला हवा त्यातला किती माल हाती आला, आणि अ‍ॅटम इकॉनॉमी यांची गल्लत करतात. उतारा शंभर टक्के आला तरी ८८ ग्रॅम वायू सुटणारच, कारण ते समीकरणातच आहे. तो वायू पकडून विकला तर मात्र तोही माल.

आता आपला टॉवेल. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण ग्रीन केमिस्ट्रीची खरी गोष्ट मला इथंच कळली. सुती मालाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग लावतात. हा रंग धाग्यावर नुसता बसत नाही, सेल्युलोजशी बंध जोडतो, म्हणून धुण्यात टिकतो. पण सोडा घालून बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, अल्कलीयुक्त झाला की रंगाच्या रेणूपुढं दोन वाटा असतात, धागा किंवा पाणी. पाण्याशी जोडला गेलेला रेणू कामातून गेला, धाग्याला तो कधीच धरणार नाही. सोपिंगमध्ये, म्हणजे साबणाच्या गरम धुण्यात, तो सुटून गटारात जातो.

समजा १०० किलो माल, ३ टक्के शेड, म्हणजे ३ किलो रंग. त्यातला ७० टक्के लागला तर ९०० ग्रॅम वाया. लोकांना गटारातलं लाल-निळं पाणी दिसतं ते हे ९०० ग्रॅम. पण हजार लिटरच्या बाथमध्ये लिटरला ६० ग्रॅमप्रमाणे ६० किलो मीठही घातलेलं असतं. मीठ रंगाला फक्त धाग्याकडं ढकलतं, स्वतः कशाशीच जोडलं जात नाही. सगळं जसंच्या तसं बाहेर. वर १५ किलो सोडा धरा. १०० किलो मालामागं ७६ किलो टाकाऊ, म्हणजे ई-फॅक्टर ०.७६, तोही पाणी न धरता. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांचा हा आकडा विचारतो एवढंच, एक किलो मालामागं किती किलो कचरा? रंग डोळ्यांना दिसतो, मीठ दिसत नाही. साध्या शुद्धीकरणानं पाण्याचा रंग जाईल, पण मीठ निघत नाही. त्यासाठी आरओ आणि पाणी आटवणारा इव्हॅपोरेटर लागतो, आणि त्याचं वीजबिल वेगळं.

पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये ग्रीन केमिस्ट्रीची १२ तत्त्वं मांडली, त्यातलं पहिलंच असं की कचरा करून मग साफ करण्यापेक्षा तो होऊच देऊ नये. आमच्या भाषेत त्याचा अर्थ कमी पाण्याचं मशीन, दोन जागी धागा पकडणारे रंग, कमी मिठात चालणारे रंग. कोल्ड पॅड बॅचमध्ये, म्हणजे कापडात रंग दाबून भरून ते थंडच गुंडाळून ठेवायच्या पद्धतीत तर मीठ जवळपास लागतच नाही. पण ते विणलेल्या कापडासाठी. आपल्या चादरीची जकार्ड नक्षी आधी रंगवलेल्या सुतातूनच उठते, त्यामुळे तो मार्ग तिथं बंद.

झाडपाल्याचं म्हणाल तर डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग छानच येतो, आणि डाळिंब आपल्याकडं भरपूर. पण तो पक्का करायला तुरटी लागते, आणि कोणी क्रोमियमचा क्षार वापरला तर सगळं मुसळ केरात. उलट हायड्रोजन पेरॉक्साइड कारखान्यात होतं, तरी ब्लीचिंगनंतर त्याचं पाणी आणि ऑक्सिजनच उरतो. रसायन कुठून आलं यापेक्षा शेवटी ते कुठं जातं, हे बघायचं.

राहिला उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया वेगानं घडवणारा पदार्थ. तोही त्या १२ तत्त्वांत आहे. ब्लीचिंगनंतर धाग्यात उरलेलं पेरॉक्साइड रंग खातं आणि शेड डागाळते. पूर्वी आम्ही ते काढायला गरम पाण्याच्या धुण्यावर धुणी करायचो. आता ‘किलर’ घालतात, म्हणजे कॅटलेज हे एन्झाइम. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो आणि स्वतः तसाच राहतो.

मुलीला हे घरी करू द्या. मेडिकलमधून ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड आणा आणि वाटीत बटाट्याची कच्ची फोड टाका. फेस येईल, तो ऑक्सिजन. फेस थांबला की त्याच फोडीवर नवं पेरॉक्साइड ओता, पुन्हा फेस येईल. मग दुसरी फोड चांगली उकळून, गार करून टाका. फेस येणार नाही, कारण उष्णतेनं एन्झाइम मोडलं. म्हणूनच किलर घालण्याआधी आम्ही ब्लीचिंगचा ९५ अंशांचा बाथ कोमट करून घेतो.