मॉडिफाय केलेली जुनी स्विफ्ट घेतली, दोन महिन्यांत वायरिंग जळालं, जबाबदार कोण?

निपाणीत राहता, कोल्हापूरच्या डीलरकडून एमएच-०९ पासिंगची डिझेल स्विफ्ट घेतलीत. आता हेडलाइटचं वायरिंग जळालंय, क्लच घसरतोय. डीलर म्हणतो, गाडी 'आहे त्या स्थितीत' विकली, शेवटची सर्व्हिसिंग केलेल्या गॅरेजवाल्याला धरा. हे शेवटचं वाचून लिहायला बसलो. ऑइल-फिल्टर बदलणाऱ्यानं हेडलाइटचा कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लास्टिकचा भाग) वितळवला म्हणे! कामगाराच्या माथी मारणं सोपं असतं, दुसरं काय.

आधी जळालेला कपलर फेकू नका. त्याच्या वीतभर मागं वायर सोलून बघा. तांबं आत खोलवर काळं-हिरवं पडलेलं, इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं, टेपचा डिंक सुटून चिकट झालेला, असं असेल तर तो टेप मारलेला जोड विक्रीच्या आधीचा. तुमच्या दोन महिन्यांत तांबं एवढं खराब होत नाही. मीटरच्या किलोमीटरसकट फोटो काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सही-तारखेनिशी लिहून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

कारण साधं आहे. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, तुमच्यात १००/९०चे निघाले. हाय बीमला एका बल्बमागे ५ अँपिअरऐवजी सव्वाआठ. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच कपलरवर जवळजवळ पावणेतीन पट. रिले (दिव्याचा करंट स्विचऐवजी थेट बॅटरीतून देणारा भाग) नाही, सिरॅमिक होल्डर नाही, मग प्लास्टिक वितळणारच. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर लिहिलेला अँपिअर आणि आतला फ्यूजही जुळवून बघा. आत मोठा घातलेला असेल तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. रिले टाकून वायरिंग वाचेल, पण १००/९० रस्त्यावर बेकायदाच.

आता डीलरचं. 'आहे त्या स्थितीत' हे वाक्य त्याला दिसणाऱ्या दोषांपुरतं उपयोगी पडतं, खोटं बोलून विकलं असेल तर नाही. तुम्ही विचारलंत आणि त्यानं 'वायरिंग कंपनीचंच आहे' असं व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल, तर तो एक मेसेज बाँडपेक्षा भारी. तुम्ही विचारलंच नाही आणि तो नुसता गप्प बसला, तर करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद आडवा येतो: साधी चौकशी करून कळलं असतं, तर गप्प बसण्याचा दोष धरून करार मोडता येत नाही. तक्रारीसाठी कोल्हापूरला खेपा घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात जाता येतं. मुदत २ वर्षं. पण ही वाट डीलर असला तरच. एखाद्यानं स्वतःची घरची गाडी विकली असेल तर दिवाणी कोर्ट.

दंडाचं मात्र डीलरकडं बोट दाखवू नका. बेकायदा बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि मालक आता तुम्ही. चिक्कोडी आरटीओत कर्नाटकचा केए-२३ नंबर करायला नेण्याआधी मूळ बल्ब, सायलेन्सर, टायर परत बसवा. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्याचीही झोप उडायला हवी: अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो. तो केला नसेल तर स्वतःच्या नुकसानीचा दावा विसरा.

गॅरेजवाल्याची जबाबदारी बिलावर लिहिलेल्या कामापुरती. हां, त्यानं हेडलाइटला हात लावला असेल तर गोष्ट वेगळी, बिल बघा की.

क्लचचे पैसे मागू नका. चौथ्या गिअरला ताशी चाळीसवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतो आणि वेग चढत नसेल तर प्लेट गेली. १९० न्यूटन-मीटरसाठी बसवलेला क्लच रिमॅपनंतर (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवल्यावर) लवकर जातो आणि तुम्ही तर 'रिमॅप्ड आहे' म्हणूनच जास्त पैसे मोजलेत.