टोमॅटोच्या फुटक्या मालावर काळ्या माशीच्या अळ्या चालतील का?

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचा भाजीचा धंदा आहे, सीझनला फुटका टोमॅटो, कोबी-फ्लॉवरचा पाला ढिगानं निघतो. यूट्यूबवर ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्यांचा व्हिडिओ बघितला, त्या असला कचरा खातात आणि मग कोंबड्यांना खाद्य म्हणून विकता येतात म्हणे. पण माशा वाढल्या तर? शेजारी आत्ताच कुरकुर करतात. आणि एका क्रेटला कचरा किती घालायचा?
– एक वाचक, ता. निफाड

उत्तर : माशांचं टेन्शन घेऊ नका. ही घरमाशी नव्हे, मोठी झाली की हिला खायची गरजच नसते, पाणी पिते, कुठंतरी कोरड्या फटीत अंडी घालते आणि थोड्या दिवसांत मरते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या ताटावर बसायचं तिला कारणच नाही. उलट हिच्या अळ्या दाट असतील तिथं घरमाशी अंडी घालायचं टाळते.

तुमची खरी अडचण पाणी. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी, कोबीतही नव्वदच्या वर, असा माल तसाच ओतला की क्रेटच्या तळाला घाण पाणी साठतं, हवा खेळत नाही, अळ्या कडेवरून चढून पळायला लागतात आणि वास सुटला की मग शेजारी खरंच भांडायला येतील. म्हणून माल बारीक करा, गोणीत भरून रात्रभर टांगा, निथळला की गव्हाचा कोंडा मिसळा. मूठभर घेऊन दाबून बघायचं, बोटांतून दोन-चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर अजून कोंडा घाला.

६० बाय ४० सेंटीमीटरच्या क्रेटला पाच दिवसांच्या १०,००० अळ्या आणि १२ दिवसांत मिळून १५ किलो कचरा, तोही तीन हप्त्यांत. (दहा हजार मोजत बसू नका हो, चिमूटभर मोजा आणि वजनावरून हिशोब करा.) मक्याची सालं, फ्लॉवरचे जाड दांडे त्यांना झेपत नाहीत, ते कंपोस्टला टाका.

निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगू! अळ्यांना २७ ते ३० डिग्री मानवतं, पारा उतरला की त्या सुस्तावतात, तेव्हा डिसेंबरात क्रेट बंद खोलीत ठेवा.

आणि नुसत्या भाजीवरच्या अळ्या हॉटेलच्या खरकट्यावरच्या अळ्यांएवढ्या गलेलठ्ठ होत नाहीत, त्यामुळे व्हिडिओतले कमाईचे आकडे धरून शेड बांधू नका, आधी जवळचा कोंबडीवाला गाठा आणि एका क्रेटच्या अळ्या त्याला देऊन बघा. अळ्यांनी खाऊन खाली उरलेला चुरा मात्र लगेच झाडांना नको, महिनाभर कुजू द्या.